इंग्लंडची हिरवळ आणि तिचे कामकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'इंग्लंडची हिरवळ' असे सांगितले. त्यांना नवल वाटले. हा गृहस्थ पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलायचा सोडून गवतावर काय बोलणार, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. तो तुमच्याही मनात असेल, म्हणून आधी त्याचा खुलासा करतो.

आमच्या युनियनमध्ये बागकाम करणारे कंत्राटी कामगारही आहेत. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या आवारात बारा माळी कामाला होते. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे गवत कापण्याची दोन नवी यंत्रे आली आणि बारांपैकी सात जणांना घरी बसावे लागले. बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा टेबलापलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, गवत कापायला अक्कल कशाला लागते?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. नियम, कलमे, नोटिशीची मुदत हे सगळे मी बोललो. पण त्या एका वाक्याला उत्तर द्यायचे राहून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे सार्वजनिक ग्रंथालयात. तेव्हा सवयीप्रमाणे ग्रंथालयात गेलो आणि गवत कापण्याचा इतिहास शोधू लागलो. तो इतिहास मुख्यतः इंग्लंडात घडला आहे. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विस्तीर्ण, गुळगुळीत, सारख्या उंचीची हिरवळ निसर्गात आपोआप राहत नाही. इंग्लंडच्या ओलसर हवेत गवत जोमाने वाढते हे खरे. पण तिथली जमीन मोकळी सोडली तर आधी उंच गवत, मग काटेरी झुडपे आणि शेवटी झाडे असा क्रम लागतो. हिरवळ हवी असेल तर कोणीतरी ते गवत सतत खाल्ले पाहिजे, नाहीतर सतत कापले पाहिजे. म्हणून हिरवळीचा इतिहास हा खाणाऱ्यांचा आणि कापणाऱ्यांचा इतिहास आहे. घरासमोर शंभर एकर जमीन असावी, तिच्यात धान्याचा एक दाणाही पिकू नये आणि तरीही ती नीटनेटकी दिसावी, हे ज्याला परवडते तो श्रीमंत, असा त्या दृश्याचा अर्थ होता.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत घराजवळची हिरवळ माणसे कापीत. त्यांचे हत्यार आपल्या विळ्याहून निराळे होते. आपला माणूस उकिडवा बसून, मूठ धरून गवत कापतो. त्यांचा विळा पुरुषभर उंचीच्या दांड्याला बसवलेला असे, पाते हातभर लांब आणि वाकडे. माणूस उभा राहून, कमरेतून वळत, जमिनीलगत तो फिरवीत असे. कामाला आरंभ पहाटे होई, कारण दव पडलेले गवत पात्याला चांगले लागते आणि ऊन चढले की ते वाकून निसटते. दर थोड्या वेळाने पात्याला दगडाने धार लावावी लागे. हात एक बोट जरी खाली गेला तरी हिरवळीवर टक्कल दिसे, आणि वर गेला तर पायऱ्या उमटत. कापलेले गवत गोळा करून झाडून काढण्याचे काम पुष्कळदा बायका करीत, आणि त्यांची मजुरी पुरुषांहून कमी असे. आता सांगा, या कामाला अक्कल लागत नव्हती काय?

हे काम खर्चाचे असल्याने कापणी कमी कशी करावी हा प्रश्न जमीनदारांना तेव्हापासूनच पडलेला होता. आज पाश्चात्त्य देशांत खेड्यातल्या मोठ्या घराभोवतीच्या हिरवळीला कमी कापून कसे राखावे, याची जी चर्चा चालते ती नवी नव्हे. अडीचशे वर्षांत या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली. पहिले मेंढरांचे, दुसरे यंत्राचे आणि तिसरे समजुतीचे.

पहिले उत्तर अठराव्या शतकातले. त्याच्याशी मुख्यतः लॅन्सलॉट ब्राऊन या माणसाचे नाव जोडलेले आहे. १७१६ साली नॉर्थम्बरलंडमधल्या एका साध्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा माळीकाम करीत वर चढला आणि १७६४ साली राजाचा मुख्य माळी झाला. कोणतीही जमीन पाहिली की "हिच्यात पुष्कळ शक्यता आहेत" असे तो म्हणे, म्हणून लोक त्याला 'केपेबिलिटी' ब्राऊन म्हणू लागले. त्याने दीडशेहून अधिक जमीनदारांच्या बागा नव्याने मांडल्या. जुन्या आखीवरेखीव वाफ्यांच्या जागी थेट घराच्या पायरीपर्यंत येणारे गवत, मधून मधून झाडांचे पुंजके आणि दूरवर तळे, अशी त्याची पद्धत होती. एवढे गवत कापायचे कोणी? मेंढरांनी, गुरांनी आणि हरणांनी. पण मेंढरे दिवाणखान्यात शिरू नयेत म्हणून काय करायचे? कुंपण घातले तर दृश्य बिघडते. यावर तोड म्हणून एक खोल चर खणीत. त्याची घराकडची बाजू सरळ भिंतीची आणि कुरणाकडची उतरती असे. घरातून पाहणाऱ्याला चर दिसत नसे. कुरण आणि बाग एकच वाटे. चालता चालता तो अचानक पुढे आला की माणूस दचकून 'हा हा!' म्हणे, म्हणून त्याचे नाव 'हा-हा' पडले असे सांगतात.

युक्ती नामी होती, यात शंका नाही. मेंढरू चरते, खतही घालते आणि लोकर देते. पण त्या देखाव्याची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत ब्रिटिश पार्लमेंटने सुमारे चार हजार कायदे करून गावोगावची सामाईक राने आणि शेते खाजगी कुंपणांत घातली. ज्या रानात गरिबाची एक गाय चरत होती, सरपण मिळत होते, ते रान त्याचे उरले नाही. काही ठिकाणी तर गावेच उठवली. डॉर्सेट परगण्यात मिल्टन नावाचे बाजारपेठेचे गाव होते. ते आपल्या वाड्याच्या दृष्टीआड असावे असे तिथल्या लॉर्डला वाटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते हळूहळू पाडून टाकण्यात आले आणि लोकांना थोड्या अंतरावर, एका रस्त्याच्या दोन बाजूंना बांधलेल्या एकसारख्या गवती छपरांच्या घरांत हलवले. जुन्या गावाच्या जागेवर हिरवळ आणि तळे आले. या कामात ब्राऊनचाही हात होता. मिल्टन अ‍ॅबस नावाचे ते नवे खेडे आज प्रवासी लोक फार सुंदर म्हणून पाहायला जातात. आहेही ते सुंदर. पण समोरच्या गवताखाली एक गाव आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. मला स्वतःला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो या भागाने. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाच्या गावाभोवतीच्या दऱ्यांतून लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. लोकरी कापड विणून झाले की त्यावर बारीक लव उभी राहते. ती सारखी कातरून काढली तरच कापडाला तकाकी येते. पूर्वी हे काम फार कुशल कारागीर मोठमोठ्या, वजनदार कात्र्यांनी करीत. त्यांची मजुरी चांगली होती आणि संघटना बळकट होती. मग कातरण्याची यंत्रे आली. १८१२ साली उत्तरेकडच्या यॉर्कशायरमध्ये या कातरकऱ्यांनी रात्री जमून ती यंत्रे फोडली. तेच इतिहासातले लुडाइट. सरकारने यंत्र फोडण्याला देहान्त शिक्षा ठरवली आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथे सतरा जणांना फाशी दिले. त्यांत एका गिरणीमालकाच्या खुनाबद्दलचे तिघे होते. स्ट्राउडच्या दऱ्यांत मात्र यंत्रे सुधारतच गेली. १८१५ साली तिथल्या लुईस नावाच्या कारखानदाराने फिरत्या रुळावर पाती बसवलेले कातरण्याचे यंत्र पेटंट केले.

याच भागात एडविन बडिंग नावाचा एक यंत्रकारागीर होता. गिरणीतले ते फिरते पाते पाहून त्याच्या मनात आले की जे कापडाची लव कातरते ते जमिनीची लव का कातरणार नाही? त्याने लोखंडी चौकट, मागे जड रूळ, रुळाच्या फिरण्याने दात्यांच्या चाकांतून वेगाने फिरणारी पाती असे यंत्र केले. पाते सुमारे एकोणीस इंच रुंद होते. शेजाऱ्यांनी वेडा म्हणू नये म्हणून त्याने ते रात्री चालवून पाहिले, अशी आख्यायिका आहे. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले. खेड्यातल्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि व्यायाम दोन्ही मिळतील, अशीही भलावण त्याने पेटंटात केली होती.

ती तारीख जरा लक्षात ठेवा. तिच्या तीनच दिवस आधी, २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री, केंट परगण्यातल्या लोअर हार्ड्रेस या खेड्यात शेतमजुरांनी एक मळणीयंत्र फोडले. हिवाळ्यात हाताने मळणी करणे हाच त्यांचा शेवटचा आधार होता, आणि तोच यंत्राने काढून घेतला होता. तिथून वणवा पेटला. 'कॅप्टन स्विंग' या कल्पित पुढाऱ्याच्या नावाने शेतकऱ्यांना धमकीची पत्रे गेली, गंजी जळल्या, यंत्रे मोडली. पुढे एकोणीस जणांना फाशी झाली आणि सुमारे पावणेपाचशे जणांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवले. चारच वर्षांनी, १८३४ मध्ये, डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची हद्दपारी झाली. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली होती, ती सहावर येऊ घातली होती, म्हणून त्यांनी शपथ घेऊन संघटना केली, एवढाच त्यांचा अपराध. देशभर चळवळ झाली आणि १८३६ साली त्यांना माफी द्यावी लागली. कामगार चळवळीत त्यांचे नाव अजून आदराने घेतात. हे टॉलपडल आणि पाडलेले मिल्टन एकाच परगण्यात, काही कोसांच्या अंतरावर आहेत.

एका बाजूला मजुरांच्या हातचे काम जात होते आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूला एक नवे यंत्र जन्माला येत होते. बडिंगला मी दोष देत नाही. तोही कारागीरच होता. फिरवून बसवायचा पानाही त्यानेच केला असे म्हणतात. १८४६ साली तो वारला, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्या यंत्राने जो पैसा केला त्याचा फारसा वाटा त्याच्यापर्यंत आला नव्हता. लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयाने हे यंत्र लवकरच घेतले. तिथल्या मुकादमाने अभिप्राय दिला की विळे आणि झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम हे यंत्र करते. अभिप्राय खरा असेल. पण त्या सहा-आठ माणसांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही बागेच्या पुस्तकात मला सापडले नाही. आमच्या सात माळ्यांचेही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने ही यंत्रे करायला घेतली. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या शँक्सने तट्टाने ओढायचे यंत्र काढले. तट्टाच्या खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. अनवाणी मजुरांच्या त्या काळात घोड्याला बूट मिळत होते, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. १८९३ साली वाफेचे आणि १९०२ च्या सुमारास पेट्रोलचे यंत्र आले. यंत्राने हिरवळ मध्यमवर्गाच्या दारात आणली, क्रिकेट आणि टेनिसची मैदाने सपाट केली, हा तिचा लाभ आहे आणि तो मी नाकारीत नाही. मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. यंत्र आले कापणीचे कष्ट कमी करायला. पण कापणे सोपे झाल्यावर लोक अधिक वेळा आणि अधिक जागेत कापू लागले. महिन्यातून दोनदा होणारे काम आठवड्यातून एकदा होऊ लागले. वाचलेला वेळ माळ्याला मिळाला नाही, मालकालाही नाही; तो गवतानेच खाल्ला!

हे पहिल्याने ठणकावून सांगितले ते विल्यम रॉबिन्सनने. हा माणूस आयर्लंडातला, १८३८ साली गरीब घरात जन्मलेला. पोरवयात बागेत पाणी घालण्यापासून त्याने सुरुवात केली आणि १८६१ साली लंडनला येऊन रीजंट्स पार्कातल्याच वनस्पतिउद्यानात तो माळी झाला. पुढे स्वतः शिकून तो लेखक आणि संपादक बनला. १८७० साली त्याने 'द वाइल्ड गार्डन' हे पुस्तक लिहिले. हवी तिथे थोडी जागा आखूड ठेवावी. पण साऱ्या बागेचे गवत पंधरा-पंधरा दिवसांनी तासत बसणे ही मोठी खर्चिक चूक आहे, असे त्याचे म्हणणे. उरलेल्या जागेत गवत वाढू द्यावे, त्यात रानफुले आणि कंद लावावेत आणि वर्षातून एकदा वाळवणीचे गवत म्हणून कापावे. त्यामुळे माणसांचे हात अधिक उपयोगी कामाला मोकळे होतील, हा त्याचा मुद्दा होता. ससेक्समधल्या ग्रेव्हटाय येथे स्वतःची इस्टेट झाल्यावर त्याने तिथे हजारो कंद गवतात लावून ते करून दाखवले.

हे तिसरे उत्तर. त्याला मी समजुतीचे उत्तर म्हणतो, कारण इथे नुसते कापणे थांबवून भागत नाही. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून कितीही कापले तरी ते पुन्हा फुटते. फुलझाडाची कळी वर असते. ती छाटली की बी धरतच नाही. तेव्हा बी पडेपर्यंत, म्हणजे तिकडच्या जुलै-ऑगस्टपर्यंत, हात आवरावा लागतो. मग कापल्यावर ते गवत तिथेच न टाकता उचलून न्यावे लागते. ते तिथे कुजले तर जमीन सकस होते आणि सकस जमिनीत दांडगे गवत नाजूक फुलांना मारून टाकते. आपल्या शेतकऱ्याला हे उलटेच वाटेल. पण फुलांच्या कुरणासाठी जमीन हलकीच लागते. 'यलो रॅटल' नावाची एक पिवळ्या फुलाची वनस्पती तिकडे मुद्दाम पेरतात. पिकल्यावर तिचे बी बोंडात खुळखुळ्यासारखे वाजते. ती आपली मुळे गवताच्या मुळांत घुसवून त्याचा रस शोषते, त्यामुळे गवत खुजे राहते आणि इतर फुलांना जागा मिळते. शिवाय उंच गवतातून एक पायवाट आणि कडेचा पट्टा नीट कापून ठेवावा लागतो. मग पाहणाऱ्याला कळते की हे दुर्लक्ष नव्हे, ही योजना आहे. कुठे, केव्हा, किती कापायचे नाही, हे ठरवायला कापण्यापेक्षा अधिक जाण लागते.

रॉबिन्सनचे म्हणणे थोड्यांनीच ऐकले. मग जे युक्तिवादाने झाले नाही ते युद्धाने केले. कॉर्नवॉलमधल्या हेलिगन या मोठ्या बागेत माळ्यांच्या संडासाच्या चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या सह्या आहेत आणि त्यांखाली 'ऑगस्ट १९१४' अशी तारीख आहे. त्यांतले बरेचजण रणांगणावरून परतले नाहीत. बाग रानात बुडाली. १९९० नंतर ती पुन्हा उकरून काढताना ती भिंत सापडली. शेकडो वाड्यांपुढची हिरवळ अशीच वाढली, कारण ती कापणारे हात फ्रान्सच्या मातीत गेले होते. दुसऱ्या महायुद्धात अन्नासाठी जुनी कुरणे नांगरली गेली आणि युद्धानंतर रासायनिक खतांनी उरलेली फुले हटवली. १९३० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधील जुन्या फुलांच्या कुरणांपैकी सत्त्याण्णव टक्के नाहीशी झाली. फुले गेली तशी त्यांवर जगणारी मधमाशी आणि फुलपाखरेही ओसरली.

या पडझडीत एक धागा मात्र टिकला. ससेक्समध्येच ग्रेट डिक्स्टर नावाचे घर आहे. आपली नवी दिल्ली बांधणाऱ्या लट्येन्सनेच ते १९१० नंतर वाढवले. तिथल्या गृहिणी डेझी लॉइड यांनी घरापुढच्या गवतात फुलांची कुरणे केली आणि त्यांचा मुलगा क्रिस्टोफर लॉइड याने ती २००६ साली मरेपर्यंत राखली. दारातच गुडघाभर गवत पाहून पाहुणे नाके मुरडीत, आणि माळी रजेवर आहे काय असे विचारीत. आता वारा फिरला आहे. २०१९ साली तिकडच्या एका वनस्पतिरक्षक संस्थेने मे महिन्यात गवत कापू नका अशी मोहीम सुरू केली. त्याच सुमारास केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने आपल्या अठराव्या शतकापासून आखूड राखलेल्या हिरवळीचा एक भाग फुलांच्या कुरणाला दिला. तिथल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले की शेजारच्या आखूड हिरवळीच्या तिपटीहून अधिक जातींच्या वनस्पती, कोळी आणि किडे त्या कुरणात आढळले. तिथले वाळले गवत कापायला घोडे जुंपतात. शँक्सच्या तट्टाचे दिवस असे फिरून आले. फक्त आता बूट नाहीत.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी उद्याच आपल्या आवारात इंग्लंडचे पंचांग लावू नये. आपल्याकडे गवत वाढते ते मृगापासून, फुलोरा येतो भादव्याच्या पुढेमागे आणि कुरणांची कापणी होते दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. आपले बी, आपला पाऊस, आपली जनावरे निराळी. ते कधी कापावे आणि कधी राखावे, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आपल्याकडे आहेत. दुर्दैवाने त्यांतली पुष्कळशी कंत्राटदाराच्या हजेरीवहीत 'अकुशल' या रकान्यात आहेत.

म्हणूनच मला भीतीही वाटते. उद्या हीच नवी कल्पना आपल्याकडे येईल आणि कोणीतरी म्हणेल, आता गवत कमी कापायचे आहे, तेव्हा उरलेले पाचही माळी काढून टाका. मेंढरांच्या वेळी गाव गेले, यंत्राच्या वेळी मजुरी गेली. समजुतीच्या वेळीही कामगारच गेला, तर ती समजूत कसली? कापणी कमी झाली म्हणजे वाचलेला वेळ रोपे करण्यात, बी गोळा करण्यात, झाडांची निगा राखण्यात, आणि हो, माणसाच्या विश्रांतीतही गेला पाहिजे. यंत्राला आमचा विरोध नाही, उंच गवतालाही नाही. वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडतात, एवढाच आमचा प्रश्न आहे. स्ट्राउडच्या दरीत तो विचारायचा राहून गेला.

आमचे सात माळी कामावर परत आले नाहीत, हे मी लपवीत नाही. त्यांतले दोघे गेल्या वर्षी मला भेटले. एकजण पहारेकऱ्याचे काम करतो, दुसरा हातगाडीवर भाजी विकतो. त्या दुसऱ्याला मी ही इंग्लंडची हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "भाऊ, मुकादमाला मी दर वर्षी सांगत होतो, पश्चिमेच्या कोपऱ्यातलं दिवाळीपर्यंत कापू नका, तिथं तेरडा येतो. कोणी ऐकलं नाही." रॉबिन्सनने पुस्तक लिहून जे सांगितले, ते हा माणूस दरवर्षी एका मुकादमाला सांगत होता.

त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मला असे उशिरा मिळाले. गवत कापायला अक्कल लागते. न कापायला त्याहून अधिक लागते. आणि ती अक्कल ज्याच्यापाशी आहे त्याला आधी विचारावे, मग यंत्राचे टेंडर काढावे. एवढे आपण आपल्या गावापुरते जरी मान्य केले, तरी आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.